साडेनऊची हजेरी

रोज सकाळी साडेनऊला सुमेध रामटेके आमच्या दोघांच्या घरांमधल्या भिंतीवर कोपरं टेकवतो आणि मला तीन प्रश्न विचारतो.

"काकाजी, काल काय केलं? आज काय करनार? काही अडचण?"

मी पंचायत समितीतून निवृत्त झालेला माणूस आहे. नोकरीत असताना मला हे विचारायची छाती एकाही साहेबाची झाली नाही. आता पेन्शन खात बसलो, तर हा बत्तीस वर्षांचा पोरगा माझी झाडाझडती घेतो! काल काय केलं? काही नाही. आज काय करणार? तेच. बरं, विचारून झालं की हा माझ्या तोंडाकडे बघत उभा राहतो. मध्ये बोलत नाही, हं म्हणत नाही, हलत नाही. म्हैस तरी कान हलवते.

सुमेध वेबसाइट बनवतो. नोकरी पुण्याच्या कंपनीची आणि मुक्काम गोंडपिपरीत, स्वतःच्या घरातल्या मधल्या खोलीत. नेमकं काय करतोस, असं मी एकदा विचारून बसलो.

"वेबसाइटचा जो भाग लोकाइले दिसते, तो माह्याकडे," तो म्हणाला. "मागचं काम दुसरे करते."

म्हणजे भिंत दुसऱ्यानं बांधायची आणि यानं चुना फासायचा. त्यासाठी नागपूरला जाऊन इंजिनिअर व्हावं लागतं. एकदा हा पठ्ठ्या अख्खा आठवडा एका बटनावर बसून होता. शेवटी मोठ्या कौतुकानं मला दाखवायला आणलं. आधी हिरवं होतं, नंतरही हिरवंच होतं.

"पयले दबल्यावानी वाटे, काकाजी. आता पाहा, कसं मोकळं वाटून राह्यलं!"

मला तर काही वाटलं नाही.

हा रोग तो घराबाहेरही नेतो. आमच्याकडे चहाला आला की आधी मान वाकडी करून भिंतीकडे बघतो, मग उठून माझ्या वडिलांचा फोटो सरळ करतो. "दोन पिक्सेल सरकले होते." माझे वडील हयातीत कुणासाठी इंचभर सरकले नाहीत! पोरीच्या लग्नाच्या फ्लेक्सचं काम त्याच्याकडे द्यायची बुद्धी मला कुठून झाली, देव जाणे. "अक्षराइले श्वास घ्याले जागा पाहिजे," असं म्हणत यानं फ्लेक्सवाल्याला पुन्हा पुन्हा परत पाठवलं. फ्लेक्स सुरेख झाला, यात वाद नाही. तो मांडवात लागला तेव्हा मांडववाले खुर्च्या गोळा करत होते आणि पोरगी कोरपन्याला सासरी पोचली होती.

चूक मात्र त्याची कधीच नसते. त्यांची टाकी ओसंडून माझ्या अंगणात तळं झालं, तर हा आपल्या बाजूनं भिंतीशी उभा राहून म्हणतो, "आमच्याकडून तं सारं बराबर दिसून राह्यलं, काकाजी."

भिंतीपलीकडे तो आणि त्याचे वडील, दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली. वडील वामनराव एसटीत कंडक्टर होते आणि आवाज असा की गाडी दिसायच्या आधी वामनराव ऐकू यायचे. तीस वर्षं आम्ही याच भिंतीवरून भांडलो. भिंत हातभर माझ्या जागेत बांधली, असं माझं म्हणणं. त्यावर त्यांचं एकच ठरलेलं उत्तर: "नामदेव, तुले मोजता तरी येते का?" मागच्या उन्हाळ्यात त्यांना पक्षाघात झाला आणि वाचा गेली. आता त्यांच्या घराच्या, या भिंतीकडच्या खिडकीत दिवसभर बसून असतात. मलाही भांडायला कोणी उरलं नाही.

ते तीन प्रश्न कुठून आले, हे पावसाळ्यात कळलं. तारेवर झाड पडून लाइन गेली आणि सुमेध लॅपटॉप पोटाशी धरून माझ्या घरात घुसला, कारण गल्लीत इन्व्हर्टर फक्त माझ्याकडे. आमच्या मंडळींना मिक्सर बंद करायला लावला. मग पडद्यावर त्याचे साहेब उगवले आणि एकेकाला तेच विचारू लागले. काल काय केलं, आज काय करणार, अडचण? या प्रकाराला म्हणे स्टँडअप म्हणतात, म्हणजे उभ्या उभ्या बोलायचं. सगळे बसलेले होते, एक तर चक्क लोळत होता. जो तो आपलं घाईघाईनं उरकत होता आणि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. सुमेधची पाळी आली. गावात लाइन नाही, अंगावर ओले कपडे, बसलाय दुसऱ्याच्या सोफ्यावर, आणि हा शुद्ध पुणेरीत म्हणतो, "अडचण काही नाही."

शेवटी साहेबांनी बातमी दिली. एक तारखेपासून सगळ्यांनी पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं; ज्याला जमणार नाही, त्यानं दुसरी नोकरी बघावी.

मी हुश्श केलं. आता सकाळी साडेनऊला मी माझ्या अंगणात राजा.

"मंग, कधी चालला पुण्याले?" दुसऱ्या दिवसापासून उलट मीच विचारू लागलो.

"पाहू."

"बाबाले नेशीन का?"

"तिथी चौथ्या माळ्यावर खोली. कोणासंग बोलतीन ते?"

"अन इथी कोणासंग बोलून राह्यले?"

त्यावर निर्लज्जासारखे तेच तीन प्रश्न. माझं डोकं फिरलं. "काल काही नाई, आज काही नाई, अन अडचण म्हनशीन तं तू!" असं ओरडून मी घरात गेलो. चष्मा भिंतीवरच राहिला होता, तो घ्यायला थोड्या वेळानं परत आलो. सुमेध अजून तिथंच होता, पण आता माझ्याकडे पाठ करून, खिडकीचे गज धरून.

"बाबा, काल काय केलं?"

वामनराव त्याच्याकडे बघत राहिले. ओठ हलले, पण काही आलं नाही. सुमेध थांबला, अगदी माझ्यापुढे थांबतो तसाच. दहा वाजले आणि त्याच्या खिशातला फोन वाजू लागला. पुण्याची हजेरी सुरू झाली असणार. त्यानं खिशाला हातसुद्धा लावला नाही. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला.

"च..." वामनराव म्हणाले. बराच वेळ गेला. "चहा."

"चहा पेला. बराबर! अन आज काय करनार?"

मग त्याला मी दिसलो आणि तो ओशाळला.

"डाक्टरनं सांगतलं, काकाजी. विचारत जा अन थांबत जा. मधात शब्द देऊ नको म्हने."

"मंग मले काऊन विचारतं?"

"दुसरं कोणी बोललं का त्याइचे ओठ हालते. तुम्ही चिडले का सर्वात जास्त हालते."

म्हणजे इतके महिने मी याच्या बापाचं औषध होतो, आणि तेही फुकटात! राग आला. त्याहून जास्त भरून आलं, म्हणून चष्मा घेऊन मुकाट घरात गेलो.

एक तारीख आली आणि गेली. सुमेध पुण्याला गेला नाही. ती नोकरी गेली. आता कुठल्याशा लहान कंपनीची बटनं हिरवी करतो, निम्म्या पगारात. मी त्याला तोंडावर मूर्ख म्हणालो आणि अजूनही म्हणतो. फक्त हल्ली साडेनऊच्या आधीच भिंतीशी जाऊन उभा राहतो. चिडण्यासारखं काही नसलं, तर भिंतीचं जुनं प्रकरण उकरून काढतो.

परवा असंच काढलं. "हातभर जागा खाल्ली तुमी माही, वामनराव!" म्हणून चांगला घसा ताणला. मग सुमेध खिडकीकडे वळला. काल काय केलं, तर चहा. आज काय करणार, तर चहा.

"काही अडचण, बाबा?"

वामनरावांनी चालता हात उचलला, गजांमधून बाहेर काढला आणि माझ्याकडे बोट केलं.

"ना..." ओठ थरथरले. "नाम... देव."

सुमेधनं गजांवर कपाळ टेकवलं. त्याचे खांदे हलत होते. वामनरावांचं बोट मात्र खाली आलं नाही आणि ओठ अजून चाललेच होते. पुढचे शब्द मला तीस वर्षांपासून पाठ आहेत. अगदी जिभेवर आले होते.

मी दिले नाहीत. भिंतीवर कोपरं टेकवली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो.