बसाण्णा आणि गिटारीतली चरचर

बिघडलेली कुठलीही वस्तू हातात आली की बसाण्णा आधी ती हुंगायचे. रेडिओ असो, मिक्सर असो, इस्त्री असो. चष्मा कपाळावर सरकवायचा, डोळे मिटायचे आणि मागच्या जाळीला नाक लावून लांब श्वास घ्यायचा. मग निदान. "कॉइल जळल्या." "पाणी गेलंय आत." एकदा एका बाईंचा मिक्सर हुंगून ते म्हणाले, "ह्यात कोरडी चटणी कोण वाटतंय? मोटारीला ठसका लागलाय." बाई घरी जाऊन सासूशी भांडल्या म्हणे.

लक्ष्मीपुरीत एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. समोर एका मावशींचं बांगड्यांचं दुकान. बसाण्णा मूळचे कुरुंदवाडचे. घरात कानडी, दुकानात मराठी. माझ्या वयाच्या बायकांना ते 'तंगी' म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण. कामाचं कधी होणार असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "झालंच की!"

दोन हजार दोन-तीनचा सुमार असेल. त्या 'झालंच की'नं माझे सहा महिने खाल्ले.

मी तेव्हा एका पतसंस्थेत कारकून होते आणि संध्याकाळी आमच्या महिला ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. आम्ही सहाजणी होतो. बायका ढोलकी आणि गिटार वाजवणार म्हटल्यावर लोक आधी हसायचे, मग बोलवायचे. माझी इलेक्ट्रिक गिटार जुनी होती. मिरजेच्या एका वादकाकडून घेतलेली, लालभडक. तो दुबईला निघाला होता. "एकदम कंडिशनमध्ये आहे," म्हणाला होता. कुठल्या कंडिशनमध्ये, ते विचारायचं राहिलं.

महिन्याभरात तिचा आवाज मधेच जाऊ लागला. मग चरचर सुरू झाली, कढईत मोहरी टाकल्यासारखी. मग चरचरीच्या मागं एक बारीक शिट्टी. कोल्हापुरात तेव्हा अशी गिटार दुरुस्त करणारं कुणी मला माहीत नव्हतं. बसाण्णांनी ती हुंगली, उलटी केली, पुन्हा हुंगली.

"आण्णा, गिटार कधी दुरुस्त केलीया काय तुम्ही?"

"तारा हायत म्हंजे सतार, वायरी हायत म्हंजे रेडिओ. झालंच की!"

पहिल्यांदा त्यांनी वायर खुपसायची खोबणी बदलली. दुसऱ्यांदा आवाजाचं बटण उघडून धुतलं. तिसऱ्यांदा तारांखालचा, आवाज पकडणारा पिकअप काढून आतल्या जोडण्यांना नव्यानं डाग दिला. दर वेळी दुकानातल्या स्पीकरला जोडून मला वाजवायला लावायचे आणि माझ्याकडं टक लावून बघायचे. "कसं? मधासारखं!" चरचर थोडी असायचीच. पण पासष्टीच्या माणसानं घाम गाळून केलेलं काम, तोंडावर काय बोलणार? मी हसायचे. म्हणायचे, "छान झालंय." घरी जाऊन वाजवलं की रडू यायचं.

तिसऱ्या खेपेनंतर कसबा बावड्याला एका लग्नाच्या स्वागत समारंभात आमचा कार्यक्रम होता. नवरा-नवरी खुर्च्यांत बसलेले, लोक आहेर द्यायला रांगेत उभे. मी एक संथ धून सुरू केली. दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसऱ्या ओळीला स्पीकरमधून एक गंभीर पुरुषी आवाज आला, "ऊस उत्पादक शेतकरी बंधूंनो, लोकरी माव्याचा प्रादुर्भाव दिसताच..."

माझ्या गिटारीनं रेडिओ पकडला होता.

मी बटणं फिरवली तसा आवाज आणखी स्पष्ट झाला. सगळा हॉल हसत होता. पहिल्या रांगेतले एक फेटेवाले मामा मात्र उठून उभे राहिले. "बंद करू नगा ओ! आमच्या उसावर बी पडलाय मावा. पुढं काय फवारायचं ते ऐकू द्या की!"

नवरीसुद्धा हसली. मी स्टेजच्या मागं जाऊन खुर्चीत बसले ती उठलेच नाही. आमच्या प्रमुख शैलाताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "लोकांनी पुन्हा आपल्याला हसायचं नाही. पुढच्या कार्यक्रमाला कीबोर्डवाली एक मुलगी बघितलीय मी."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गिटार घेऊन तरातरा दुकानात गेले. "आण्णा, मी परत आलो." आमच्याकडं बायकाही 'आलो, गेलो'च म्हणतात. "माझा सत्यानाश झाला. हिचं काय करायचं ते करा!"

काय झालं ते सांगितलं. त्यांनी गिटार जोडली आणि बटण पूर्ण फिरवलं. अशी कर्कश शिट्टी सुटली, की समोरच्या मावशींनी बांगड्या टाकून कान झाकले. त्यांचं गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरकलं. बसाण्णा माझ्या चेहऱ्याकडं बघत उभे होते. त्यांच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती.

"आण्णा," मी म्हटलं, "ही शिट्टी ऐकू येतीया न्हवं?"

त्यांनी बटण बंद केलं. पान्याचं डोकं फडक्यानं पुसत बसले.

"जाड आवाज येतोय. बारीक न्हाय येत. दोन-तीन वर्सं झाली." मग खालमानेनं म्हणाले, "गिऱ्हाइकाचं तोंड बघून वळखतो मी, काम झालं का न्हाय. तू हसायचीस की, तंगी. मला वाटलं, बरं वाजतंय."

कोल्हापुरात सगळेच मोठ्यानं बोलतात, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नसावं. मला रागवायचं होतं. पण माझं खोटं हसूही त्या बिघाडात होतंच.

त्यानंतरचे तीन रविवार सकाळी मी त्यांच्या दुकानात बसले. ते गिटारीच्या पाठची लाकडी चकती काढून एकेका जोडणीला पान्याचं टोक लावायचे; मी कान देऊन सांगायचे, "हाय... हाय... कमी झाली... परत आली." तिसऱ्या रविवारी ते तारा बांधायच्या पत्र्याखाली पोहोचले. तिथून आत जाणारी अर्थिंगची तार वरून डाग दिलेली, चकचकीत. त्यांनी चिमट्यानं नुसती हलवली, तर सुटून हातात आली.

"वरनं झळकतंय बघ. आत धरलेलंच न्हाय."

ती तार त्यांनी खरवडून नव्यानं बसवली. मी वाजवलं. चरचर नाही, शिट्टी नाही, शेतकरी बंधूही नाहीत. गिटार इतकी स्वच्छ वाजली की मला माझ्याच चुका ऐकू आल्या. त्यांनी चेहरा बघितला. या वेळी मी हसले नाही, नुसती मान हलवली. त्यांना ते पुरलं.

तोवर ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाली मुलगी रुळली होती. चांगली वाजवायची. मला परत कुणी बोलावलं नाही, हे मी बसाण्णांना सांगितलं नाही. गिटार पिशवीत घालून निघाले, तेव्हा त्यांनी थांबवलं.

"तंगी, आणि एक काम हाय. तुझ्या कानाचं."

टेबलाखालून त्यांनी एक टेपरेकॉर्डर काढला. इतक्या वेळा उघडलेला की स्क्रूंच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. दोन वर्षं ते तो दुरुस्त करत होते. पट्टा बदलला, हेड बदललं, मोटार बदलली. आत एक कॅसेट होती. पूर्वी कधीतरी टेपचं रेकॉर्डिंग तपासताना त्यांची बायको गौरक्का मधेच येऊन बोलली होती, ते तसंच राहिलेलं. गौरक्का जाऊन तीन वर्षं झाली होती.

"आवाज येत न्हाय तिचा. मशिनीचा दोष हाय का माझा, तेवढं सांग."

मी कान लावला. भांड्यांचा आवाज, आणि मग एक नाजूक, घाईतला बायकी आवाज. कुठं खरखर नव्हती.

"मशीन चांगलं हाय, आण्णा."

ते झिजलेल्या स्क्रूंवरून अंगठा फिरवत राहिले. मग विचारलं, "काय म्हणत्या?"

मला कानडी येत नाही. पुन्हा ऐकून, जसं कानावर पडलं तसं मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हटलं, "ऊटक्क बर्री."

"जेवायला या म्हणत्या," ते म्हणाले. त्यांनी कॅसेट मागं फिरवली. "परत म्हण."

मी परत म्हटलं, आणखी मोठ्यानं. समोरच्या मावशी हातातल्या बांगड्या तशाच धरून आमच्याकडं बघत राहिल्या.