सहाव्या रकान्यातली पट्टी

"तुझा हातच खराब आहे," प्राध्यापक ग्वाक पुन्हा म्हणाले आणि मा ह्ये-रानच्या डोक्यात तिडीक गेली.

ह्ये-रान देजॉनच्या एका विद्यापीठात ग्वाक सरांच्या प्रयोगशाळेत संशोधक होती. माणसाच्या नाकात वास ओळखणारी जी प्रथिनं असतात, त्यांतलं एक त्वचेतही असतं, असं सरांनी सगळीकडे सांगून टाकलं होतं. पुरावा काय, तर विकत आणलेली एक अँटीबॉडी. तिने फक्त त्या एका प्रथिनाला चिकटायचं. चिकटली की फोटोत त्या जागी काळी पट्टी उमटायची. त्वचेच्या नमुन्यात पट्टी उमटत होती, हे खरं. पण ज्या पेशींतून ते प्रथिन मुळातूनच काढून टाकलं होतं, त्यांतही ती तितक्याच थाटात उमटत होती.

"सर, ही बया दिसेल त्याला चिकटते."

"तू नीट धुतलं नसशील. पुन्हा कर."

"पुन्हाच केलंय."

सरांनी टेबलावरच्या पुड्यातून सुक्या म्हाकुळाची, म्हणजे त्या मऊ अंगाच्या समुद्री प्राण्याची, एक पट्टी काढून चघळायला घेतली. विचार करताना त्यांना ते लागायचंच.

"एक घेऊ का?" ह्ये-रानने विचारलं.

"घे, घे. राग उतरतो."

राग उतरला नाही, कारण तिने ते खाल्लंच नाही. खलबत्त्यात कुटलं, उकळलं आणि बाकीच्या नमुन्यांशेजारी सहाव्या रकान्यात भरलं. दुसऱ्या दिवशी फोटो आला. सहाव्या रकान्यात अशी ठळक पट्टी होती की तशी त्या प्रयोगशाळेत कुणी पाहिली नव्हती. ह्ये-रानने फोटो प्रयोगशाळेच्या सामाईक संगणकावर टाकला आणि जेवून येऊन सरांना गाठायचं ठरवून ती थंडगार शेवया खायला खुशीत निघून गेली.

परतली तर बैठकीची खोली भरलेली. सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या संचालिका योमबाई आल्या होत्या आणि पडद्यावर तोच फोटो झळकत होता.

"हा सहावा रकाना बघा," सर सांगत होते. "आमच्या ह्ये-रानचा हात म्हणजे सोनं."

योमबाईंनी चष्मा लावला. "कुणाची त्वचा आहे ही?"

सरांनी पडद्याकडे निरखून पाहिलं. "मध्यमवयीन पुरुषाची असावी. जरा कोरडी. निगा न राखलेली." मग त्यांना दारात ह्ये-रान दिसली. "बरोबर ना गं?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. तिच्या नोकरीची मुदत सरांच्याच सहीने वाढणार होती. ह्ये-रानने मान हलवली नाही.

"कोरडी आहे, सर. पण ते म्हाकूळ आहे. तुमच्या टेबलावरचं."

"गंमत करतेय ती," सर हसत म्हणाले. हसू फार वेळ टिकलं नाही.

"गंमत नाही. ही अँटीबॉडी म्हाकुळालाही चिकटते, म्हणजे यातल्या एकाही पट्टीवर विश्वास ठेवता येत नाही. माझ्या नावाने हे मी छापू देणार नाही. हवं तर काढून टाका मला."

योमबाईंनी चष्मा काढून डबीत ठेवला. "आमच्या क्रीमच्या डब्यावर 'वास ओळखणारी त्वचा' असं छापणार होतो आम्ही," त्या शांतपणे म्हणाल्या आणि ह्ये-रानपुढे कमरेत वाकून निघून गेल्या. सरांपुढे वाकायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

त्यानंतर सर दार लावून बसले. ह्ये-रानने आपले कप, चपला, पुस्तकं एका खोक्यात भरली आणि निरोप घ्यायला दार ढकललं. सर फोनवर अँटीबॉडी विकणाऱ्या माणसाला झाडत होते.

"आमच्याकडे फसवाफसवी चालत नाही. प्रत्येक अँटीबॉडी आधी सुक्या म्हाकुळावर तपासायची, ही शिस्तच आहे इथली. मी स्वतः नमुना देतो."

ह्ये-रान खोकं घेऊन तशीच उभी राहिली. पलीकडचा आवाज तिलाही ऐकू येत होता, आणि तो भलताच खूश होता.

"म्हणजे म्हाकुळावरही चालते? वा, सर. आमच्या माहितीपत्रकात माणूस आणि उंदीर एवढंच होतं. आजच म्हाकूळ घालून टाकतो."

सरांनी फोनकडे पाहिलं, मग ह्ये-रानकडे, आणि फोन तिच्यापुढे धरला.

"तूच बोल बाई याच्याशी."

ह्ये-रानने खोकं खाली ठेवलं आणि बाह्या सरसावल्या.