निवृत्तीनानांचा दुसरा सोर्स

दशक्रियेला लोक रिकाम्या हातानं जातात, आमचे निवृत्तीनाना वही-पेन घेऊन जातात. परवा पारगावच्या घाटावर एक पुढारी माइक धरून म्हणाले, "तात्या अत्यंत मनमिळाऊ होते." नाना गर्दीतून उठले. "सोर्स काय, राव? सख्ख्या भावाशी बांधावरनं केस चालू व्हती. त्याची बाजू घेतली का?" त्या दिवशी पिंडाला कावळा दुपारपर्यंत शिवला नाही, आणि खापर नानांवर फुटलं.

नाना माझे वर्गमित्र. साखर कारखान्यातून निवृत्त झाले आणि पुण्याला विद्यापीठात पत्रकारिता शिकायला आले. मी वारूळवाडीची, नारायणगावला एसटीत बसते. नाना मंचरला चढतात. पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले होते, "एका सोर्सवर बातमी छापायची नाही." आम्ही ते परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं, नानांनी संसाराला लावलं. मला स्थळ आलं, आई फोनवर सांगत होती, मुलगा निर्व्यसनी आहे. नानांनी फोनच घेतला. "कोन म्हनतं? त्याची आई? पानटपरीवाल्याला इचारल्याबिगर होकार देऊ नका, ताई." आईनं विचारलं. होकार दिला नाही.

गंमत म्हणजे तीस वर्षं त्या घाटावरचा माइक नानांच्याच हातात असायचा. गावातला एकही मेलेला माणूस त्यांनी मनमिळाऊ म्हटल्याशिवाय सोडला नव्हता. तेच नाना आता असे का वागतात, हे मला शेवटच्या सत्रात कळलं.

सरांनी ओळखीच्या माणसावर मृत्युलेख लिहायला सांगितला. सोमवारपर्यंत दिला नाही तर नापास. नानांनी बायको निवडली, दोन वर्षांपूर्वी गेलेली पार्वतीकाकू. शुक्रवार आला तरी लेखाचा पत्ता नाही. एसटीत मी चिडवलं, "नाना, घरचीच बातमी, आता कसला सोर्स शोधताय?"

त्यांनी वही उघडून दाखवली. वर दोनच शब्द होते, मनमिळाऊ आणि कष्टाळू. खाली कोरं पान.

"तिच्या दशक्रियेला ह्येच बोललो, पोरी. म्होरं सुचंना. तिला काय आवडायचं, मला ठाऊकच न्हाई. कंदी इचारलंच न्हाई."

मला हसू येत होतं ते तिथंच थांबलं, आणि स्वतःची लाजही वाटली.

शनिवारी आम्ही आणे गावाला गेलो, काकूंच्या धाकट्या बहिणीकडे. नानांनी वही काढून विचारलं, "तिला काय आवडायचं?"

"तुमचं भाषण, दाजी," मावशी म्हणाल्या. "घाटावरचा भोंगा सुरू झाला की चूल बारीक करून दारात बसायची. म्हनायची, माज्यावर काय बोलतील, तेवढंच मला ऐकाया मिळनार न्हाई."

नानांनी ते वहीत शब्दन्‌शब्द उतरवून घेतलं. मग सवयीनं, पण अगदी हळू आवाजात म्हणाले, "दुसरं कुणाला म्हनली व्हती का?"

"दुसरं कोन हाय? ती अन् मी."

सोमवारी लेख जमा झाला. मर्यादेपेक्षा चार पानं जास्त. नानांनी एक ओळ कापू दिली नाही. आणि आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, त्यांनी तो आख्खा लेख घरी, चुलीसमोर उभं राहून, घाटावरच्या आवाजात वाचला म्हणे. हे मला त्यांच्या शेजारणीनं सांगितलं. नानांना विचारायचा धीर मला झाला नाही.

म्हणजे सोर्स एकच आहे. तरी मी छापतेय.