मैदानाच्या मातीतली मोहरी

मला छंद आहे, ही गोष्ट आमच्या घरात दुखणं सांगावं तशी सांगितली जाते. "यांना कार्डं हायती," असं आमची नीला पाहुण्यांना हळू आवाजात सांगते आणि पाहुणेही "कधीपासून?" म्हणून काळजीनं विचारतात. लहानपणापासून, हे त्याचं उत्तर. च्युइंगमच्या पुडीत क्रिकेटवाल्यांची कार्डं निघायची, मागे रन आणि विकेटा छापलेल्या असायच्या, तेव्हापासून मी ती जमवतोय. (त्या च्युइंगमपायी माझी एक दाढ गेली. कार्ड मात्र एकही गेलेलं नाही.)

मी लातुरात एका कचेरीत आवक-जावक बघतो. तिथे मला कोणी विचारत नाही. पण व्हॉट्सॲपवर आमचा संग्राहकांचा एक ग्रुप आहे आणि त्यात मी विरूपाक्षजी असतो. ग्रुपचे प्रमुख नांदेडचे किशनराव. या छंदात सध्या काय चालतं आणि काय चालत नाही, ते किशनराव सांगतील तसं. मागे एकदा त्यांनी सांगितलं की कार्डाला हात लावायचा नाही, कडक प्लास्टिकच्या डबीत सील करून ठेवायचं. आम्ही सील केली. मग ते म्हणाले, नुसत्या कार्डाला आता कोणी हुंगत नाही, सही पाहिजे. मी खटपट करून सहीची एक बॅट पैदा केली. (सही खरी होती. फक्त ती बॅट विकणाऱ्या दुकानदाराची होती.)

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात किशनरावांचा नवा फतवा आला. सह्यांचा जमाना गेला. आता जगात असली माल एकच, मैदानात वापरलेली वस्तू. घामाचा शर्ट, मोडका स्टंप, नाहीतर मैदानाची माती. परदेशात म्हणे लोक मैदानाची माती बरणीत घालून बैठकीत मांडतात.

माती हा शब्द वाचला आणि माझी मान आपोआप फडताळाकडे वळली. तिथे सासऱ्यांचा डबा होता.

सासरे म्हणजे शरणप्पा पैलवान, आमचे मामा, मुक्काम देवणी. गावचं बोअर आटलं म्हणून ते लेकीकडे राहायला आले होते. (लातुरात पाणी असेल अशी त्यांची समजूत होती. ती स्टेशनवरच गेली.) येताना त्यांनी दोन धोतरं आणि डालड्याचा एक जुना डबा आणला. लातूर जिल्हा नवा झाला त्या साली देवणीत कुस्त्यांचं मैदान भरलं होतं आणि त्यात मामांनी शेवटची कुस्ती मारली होती. नव्या जिल्ह्याचं ते पहिलं मैदान, असं मामा सांगतात. (आणखी काही गावंही आपापल्या मैदानाबद्दल हेच सांगतात, पण मामांसमोर सांगत नाहीत.) कुस्तीच्या त्या हौदातली माती त्यांनी डब्यात भरून ठेवली होती.

ती नुसती आठवण म्हणून नव्हे. नवा हौद भरताना जुन्या हौदाची ओंजळभर माती त्यात टाकायची, अशी मामांच्या तालमीची रीत. "विरजणच हाय ते," मामा म्हणायचे. "एवढी माती पडली की आख्खा हौद लागतो. उद्या उदगीर जिल्हा झाला की आमची देवणी तिकडं जाणार. त्या जिल्ह्याच्या पहिल्या मैदानात ही माती पडली पायजे. मंग मी मोकळा."

उदगीर जिल्हा होणार, हे मी नोकरीला लागल्यापासून ऐकतो आहे. पण मामांचा जीव त्या डब्यात होता आणि डब्याला ते कोणालाही हात लावू देत नसत. मला तर नाहीच. माझे दंड बघून त्यांनी लग्नातच नीलाच्या चुलत्याला विचारलं होतं, की पोरगा आजारातून उठलाय का.

मी फक्त एक फोटो टाकायचं ठरवलं. डब्याचा फोटो आणि खाली दोन ओळी. तो पडला आणि ग्रुप पेटला. माहूरपासून जळकोटपर्यंतचे लोक हात जोडायला लागले. किशनरावांचा तर फोनच आला.

"विरूपाक्षजी, जिंदगीत असा नमुना पाहिला न्हाई. मी रविवारी येऊन राहिलो. पैलवानांना म्हणावं, पाया पडायला येतो."

मामांना मी भीतभीत सांगितलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"नांदेडहून येतो म्हनता? निस्ती माती बघायला?"

"हो मामा."

"येऊ द्या मंग. पर जावाई, डबा नीट पुसून ठेवा."

त्यांनी डबा माझ्या हातात दिला. आमच्या लग्नानंतर मामांनी माझ्यावर टाकलेला हा पहिलाच विश्वास. मला अंगात वारं भरल्यासारखं झालं आणि शनिवारी सकाळी मी डबा पुसायला घेतला. पुसता पुसता डोक्यात आलं की गंजका डबा किशनरावांसमोर ठेवणं बरं दिसत नाही, सध्या चलन पारदर्शक बरणीचं आहे. लोणच्याची काचेची बरणी रिकामी होती. मी सगळी माती एका घमेल्यात ओतली, घमेलं मोरीपाशी ठेवलं आणि बरणी कोरड्या फडक्यानं पुसायला लागलो.

तेवढ्यात गल्लीत टँकर आला.

त्या उन्हाळ्यात टँकर म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलं त्यालाच कळेल. हॉर्न वाजला की पूजेतला माणूस घंटी टाकून पळायचा. नीला कळशा घेऊन दाराबाहेर पडताना ओरडली, "अवो, घरात एक बी भांडं रिकामं न्हाई. उष्टी पडल्यात सगळी. घासून द्या पटापट, पातेलं बी आना, कढई बी आना."

पाणी नसल्यानं गल्लीत सगळेच भांडी कोरड्या राखेनं नाहीतर मातीनं घासत आणि फडक्यानं पुसून घेत. मीही मोरीवर बसलो, उजव्या हाताला घमेलं होतं आणि काथ्या घेऊन सुटलो. वरणाचं पातेलं, कढीचं पातेलं, भाजीची कढई, शेंगदाण्याची चटणी वाटलेलं भांडं, जे हाती येईल ते मी घासलं. काय सांगू, असा हात माझा कधी चालला नव्हता. पातेली आरशासारखी निघत होती. बाहेर कस्तुराबाई शेजारीण नीलाला म्हणाली, "नवरा लई कामाचा हाय गं तुझा." ते ऐकून मी आणखी मूठभर माती घेतली.

टँकर गेला. घरातलं शेवटचं फुलपात्रसुद्धा पाण्यानं भरलं होतं. नीला कौतुकानं कढई न्याहाळत म्हणाली, "कशानं घासली हो? राखेचा डबा तर इथं भरलेलाच हाय."

मी घमेल्याकडे बघितलं. घमेल्याचा तळ माझ्याकडे बघत होता.

मामा चावडीवर गप्पा मारायला गेले होते म्हणून मी आज ही गोष्ट सांगायला शिल्लक आहे. एक दिलासा मात्र होता. भांडी कोरडीच घासल्यामुळे मातीचा कणही वाहून गेलेला नव्हता. सगळी मोरीत ढीग होऊन पडली होती. अर्थात आता तिच्यात आमचा आठवड्याचा स्वयंपाक होता. मी ती गोळा केली, उन्हात पसरली, वाळल्यावर गव्हाच्या चाळणीनं चाळली आणि बरणीत भरली. नीला दारात उभी राहून हे सगळं बघत होती आणि पदर तोंडात धरून हसत होती.

"अप्पाला सांगू का?" ती म्हणाली.

"नीला, तुझ्या पाया पडतो."

"माझी चाळणी धुवायला पानी लागंल, त्याचं काय?"

मी आठवडाभर अंघोळ न करण्याचं कबूल केलं तेव्हा ती गप्प बसली.

रविवारी किशनराव आले. गळ्यात भिंग, खिशात हातमोजे. मामा पांढरंशुभ्र धोतर नेसून, फेटा बांधून बसले होते. किशनराव त्यांच्या पाया पडले, मग बरणीपुढे बसले. हातमोजे चढवून त्यांनी एक चिमूट उचलली, भिंगातून बघितली आणि डोळे मिटून हुंगली.

"तेल," किशनराव म्हणाले. मग पुन्हा हुंगलं. "हळद." आणखी एकदा हुंगलं. "ताक. पैलवान, हौदाच्या मातीत हेच घालतात ना?"

"हाव. तेल, हळद, ताक, लिंबू."

"बिल्कुल असली माल हाय. एवढ्या वर्षांत वास बी गेला न्हाई." त्यांनी भिंग कपाळाला लावलं. "कालचीच वाटून राहिली."

कालचीच होती. पण मला इतका आनंद झाला की क्षणभर मीही विसरलो. वरण, भाजी आणि कढी मिळून हौदाचा मसाला तयार होतो, हे कोणाच्या ध्यानात आलं असतं? किशनरावांनी लगेच ग्रुपसाठी व्हिडिओ सुरू केला. माती दाखवली, मला दाखवलं. मी हात जोडून हसत होतो.

"बघू," मामा म्हणाले आणि त्यांनी बरणीत हात घातला.

मूठ नाकाशी नेली. कपाळाला आठी पडली. पुन्हा हुंगलं.

"लसूण," मामा म्हणाले.

मामांनी मूठ तळहातावर पसरली, बोटानं चाळवली आणि एक काळा दाणा उचलून उजेडात धरला.

"ही मोहरी हाय. आमच्या हौदात मोहरी नव्हती."

"शुक्रवारच्या फोडणीची हाय ती, अप्पा," नीला म्हणाली. तिला राहवलंच नाही.

मग सगळं बाहेर आलं. मी सांगत होतो, नीला दुरुस्त करत होती आणि किशनरावांचा फोन चालूच होता. मामा ऐकत होते. त्यांचा चेहरा असा पडत गेला की मला त्या मोरीतच गाडून घ्यावंसं वाटलं. माणसानं उभी हयात जपलेली वस्तू मी कढई घासायला वापरली होती. मला खरोखर रडू आलं.

"मामा, चुकलं. काय शिक्षा द्यायची ती द्या."

मामा उठले. फेटा काढून खुंटीला लावला, अंगरखा काढला.

"मातीत उष्टं पडलं तर माती मरत न्हाई जावाई. तालमीत काय कमी घान पडती? मातीत घाम पडला की ती पुन्यांदा उठती. पर घाम लागतो." त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "कपडे काढा."

परसात चादर अंथरली, बरणी तिच्यावर पालथी केली. मामांनी ती माती माझ्या अंगाला चोळली आणि मला बैठका मारायला लावल्या. लातूरचा एप्रिल, भर दुपार. घामाला तोटा नव्हता, त्याची तेवढी टंचाई जाहीर झालेली नव्हती. कस्तुराबाई भिंतीवरून बघत होती. मग मामांनी शड्डू ठोकला.

पुढचं मला नीट आठवत नाही. आभाळ खाली आलं, जमीन वर गेली आणि मी चादरीवर चीत पडलो. पण सांगतो, मजा आली. मी उठलो आणि पुन्हा भिडलो. पुन्हा पडलो. एकदा तर मामांचा पाय माझ्या हातात आला होता. (तो त्यांनीच दिला होता, पण आला होता.) मामा हसायला लागले. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. किशनराव धावत धावत फोटो काढत होते आणि ओरडत होते, "याला म्हणतात वापरलेली वस्तू."

शेवटी मामांनी चादरीवरची माती गोळा केली. माझ्या पाठीला चिकटलेलीसुद्धा हातानं निपटून घेतली. सगळी जुन्याच डब्यात भरली, झाकण ठोकलं आणि डबा माझ्या हातात दिला.

"उदगीर जिल्हा झाला की ही तुमी न्यायची. आता तुमचा घाम हाय हिच्यात."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी तसाच मातीनं माखलेला डबा धरून उभा राहिलो. आयुष्यात मला कोणी कप दिला नाही, ढाल दिली नाही. हा डबा मिळाला आणि मला जग जिंकल्यासारखं झालं.

किशनराव नांदेडला पोचले ते नवा फतवा घेऊनच. बाहेरच्या खेळाडूंची कार्डं आता बंद, यापुढे आपल्या भागातल्या खेळाडूंची कार्डं आपणच छापायची. त्या मालिकेतलं पहिलं कार्ड आमच्या परसातलं निघालं. मध्यभागी मामा, शड्डू ठोकलेला, अंगभर माती, नजर अशी की बघणारा मागे सरकावा. मीही आहे. म्हणजे त्यांच्या मागे माझे दोन पाय आहेत, आभाळाकडे.

कार्ड ग्रुपवर पडलं आणि मागण्यांचा पाऊस सुरू झाला. परभणी, माहूर, थेट बिदरहूनसुद्धा. मी एकेक निरोप नीलाला मोठ्यानं वाचून दाखवत होतो. मामा आत पडल्या पडल्या ऐकत होते. तेवढ्यात जळकोटच्या नागप्पांचा निरोप आला. नागप्पा म्हणजे ग्रुपमधले सगळ्यात जुने संग्राहक, सहसा कशाला चांगलं म्हणत नाहीत. मी घसा खाकरून वाचायला सुरुवात केली.

"विरूपाक्षजी, पैलवानांचं कार्ड लई देखणं निघालं. माझ्यासाठी दहा प्रती ठेवा. फक्त मागं कुनाचे तरी पाय आल्यात, तेवढे कापून घेता येतील का?"