काळ्या चौकटीतली लिफ्ट

रागावून लिहिण्यात माझा हात धरणारा अख्ख्या ल्युलिन वसाहतीत नाही! इतर लोक रागावले की दारं आपटतात, बशा फोडतात. मी कागद घेतो. कोपऱ्यावरच्या बेकरीवालीला मी एकदा चीज भरलेल्या बानित्सातल्या तेलाबद्दल दोन पानी पत्र लिहिलं होतं. बाई दुकान बंद करून माहेरी गेली, ती आठ दिवसांनी परत आली!

तर आमच्या ब विंगची लिफ्ट पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधोमध अडकली आणि सहा आठवडे तिथंच लटकत राहिली, तेव्हा मी हॉस्पिटलात आईच्या उशाशी बसून शब्द दिला. "गुरुवारी तुला सोडतायत ना? गुरुवारी तू लिफ्टनं वर जाशील. नाही गेलीस तर ओग्न्यान हे नाव लावणार नाही!"

"मग काय लावशील ते आत्ताच ठरवून ठेव," आई म्हणाली.

आई हॉस्पिटलात होती तीच मुळी या लिफ्टमुळे. आम्ही आठव्या मजल्यावर राहतो, भाड्यानं. जिना उतरताना तिसऱ्या मजल्यावर तिचा पाय घसरला आणि खुबा मोडला. नवा बसवला. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर कुबड्या घेऊन खुशाल चालू दे, पण दोन महिने जिन्याचं नाव काढायचं नाही. आणि आईला काय हवं होतं? फार काही नाही. दारासमोरचा बाक. त्या बाकावर बसून, सूर्यफुलाच्या बिया सोलत, कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या पिशवीत काय होतं हे बघणं. इथं राहायला आल्यापासून नऊ वर्षं तिनं दुसरं काही मागितलेलं नाही.

"मला वर कोंडून ठेवणार असलास तर इथंच राहू दे," ती म्हणाली. "इथं निदान नर्सा तरी येतात-जातात."

आता सांगा, राग येईल की नाही? माझ्या आईचा खुबा मोडतो आणि त्या इमारतीत एक माणूस हलत नाही! आमचा कारभारी पांतेलेयकाका राहतो तळमजल्यावर. लिफ्ट बंद पडल्याच्या विसाव्या दिवशी त्यानं मला विचारलं, "का रे, हल्ली एवढा धापा का टाकतोस?"

"सभा बोलवा!" मी ओरडलो.

"बोलावली होती. दोघं आले. एक मी, एक तू. आणि तू भाडेकरू. तुला मत नाही."

"मग मला आहे काय?"

"तोंड," पांतेलेयकाका म्हणाला. "ते रोज ऐकतोय."

मग मी कागद घेतला. पहिली नोटीस सभ्य होती. दुसरीत अधोरेखित शब्द होते. तिसरी लाल शाईत होती. चौथीत काय होतं ते इथं सांगत नाही, घरातली मोठी माणसंही वाचत असतील. चारही मी दारावर ठळक जागी लावल्या. कोणी वाचलं? कोणी नाही! चौथ्या नोटिशीच्या खाली फक्त कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'लोणच्याचं पिंप विकणे आहे, तिसरा मजला.'

त्या बुधवारी मी दाराशी उभा राहून मुद्दाम बघत होतो. चौथ्या मजल्यावरच्या दाफिंकामावशी आल्या. माझ्या लाल नोटिशीसमोरून अशा गेल्या की जणू भिंतच! आणि मग थबकल्या. पिशवी खाली ठेवली. चष्मा काढला, पुसला, लावला. शेजारच्या अ विंगमधल्या कोणा म्हाताऱ्याच्या निधनाचा कागद होता तिथं. फोटो, काळी चौकट, कोणी गेलं की आमच्याकडे दारोदार चिकटवतात तसा. दाफिंकामावशींनी तो डोळे भरून बघितला, छातीवर क्रूस काढला, सुस्कारा सोडला आणि मग पिशवी उचलली. त्यांच्यामागून पाचव्या मजल्यावरचा क्रुम आला. हा एकेकाळचा वजन उचलणारा पैलवान, एरवी कशासाठी थांबत नाही. तोही थांबला!

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या लोकांना वाचायचंच असेल तर काळ्या चौकटीतलं वाचतात ना? ठीक आहे! चौकटीतच देतो!

तिथंच जिन्यावर बसून मी मजकूर लिहिला. आजही म्हणेन, त्याला तोड नाही. 'अत्यंत दुःखाने कळवतो की आमची लाडकी लिफ्ट, जन्म १९७९, पाचव्या व सहाव्या मजल्यांच्या मध्ये आपल्याला सोडून गेली. तिची हत्या शेजाऱ्यांच्या आळशीपणाने झाली! फ्लॅटमालकांनो, लाज उरली असेल तर गुरुवारी सहा वाजता ब विंगच्या दारात जमा आणि दुरुस्तीला मत द्या!' आता फोटो हवा. लिफ्टचा एकच फोटो माझ्या फोनमध्ये होता. गेल्या हिवाळ्यात आईनं नवा कोट घेतला, तेव्हा उजेड चांगला म्हणून लिफ्टमध्ये उभं राहून तिनं काढून घेतला होता. आई आपली एका कोपऱ्यात. लिफ्ट कशी ऐसपैस दिसत होती!

हॉस्पिटलच्या फाटकासमोर सेवदाबाईंचं दुकान आहे. त्या असलेच कागद छापतात. जागा निवडावी तर त्यांनी!

"फोटो हाच ना?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"हाच."

"किती प्रती?"

"चाळीस!"

"चिकटवायला उद्या सकाळी आमचा माणूस जाईल. कुठं लावायचे?"

"ब विंगच्या दारावर, जिन्यात, बसथांब्यावर, खांबांवर. सगळीकडे! एक जण सुटता कामा नये!"

सेवदाबाईंनी माझा हात हातात घेतला. "धीर धरा."

"धीर?" मी उसळलो. "सहा आठवडे धीरच धरला बाई! संपला आता! आता बोंबलून सांगायचंय सगळ्यांना!"

त्यांनी डोळे टिपले आणि फुलांचा एक छोटा गुच्छ चौकटीत वरून फुकट घातला. मला वाटलं, बघा, परकी बाई, पण लिफ्टचं दुःख समजलं हिला!

गुरुवारी सकाळी सातला मी हॉस्पिटल गाठलं. कागदपत्रं, सह्या, या खिडकीवरून त्या खिडकीवर. अकरापासून फोन वाजायला लागला. दाफिंकामावशी. क्रुम. पुन्हा दाफिंकामावशी. दोन अनोळखी नंबर. मग खुद्द पांतेलेयकाका! एकही उचलला नाही. वाजू देत! झोंबलं वाटतं आता! इतके दिवस मी ओरडत होतो तेव्हा कुठं होतात?

"घे की रे, कोणाचं काही महत्त्वाचं असेल," आई म्हणाली.

"महत्त्वाचंच आहे," मी म्हटलं. "जळतायत सगळे!"

टॅक्सी वळणावर आली तेव्हा पावणेसहा झाले होते. आणि काय सांगू! दारात माणसंच माणसं! साठ तरी असतील! सभेला दोन टाळकी जमत नव्हती त्या इमारतीत! माझी छाती अशी फुगली की टॅक्सीचा पट्टा तुटतो की काय.

"कोण गेलं रे?" आईनं विचारलं. तिची नजर तीक्ष्ण आहे. "सगळ्यांच्या हातात दोन-दोन फुलं आहेत, मयताला नेतात तशी."

"लिफ्ट!"

"लिफ्टला फुलं?"

"असं लिहितो मी!" मी म्हणालो आणि कुबड्या काढायला खाली उतरलो.

मला बघताच पांतेलेयकाका पुढे आला. काळा टाय! त्यानं मला मिठी मारली. "देव तिला क्षमा करो," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "मी तुला नको ते बोललो, पोरा. माझी चूक झाली."

"चूक कसली, गुन्हा आहे!" मी त्याला दूर ढकललं. "आता रडून काय उपयोग? तीन आठवड्यांपूर्वी हलला असतात तर ही वेळ आली असती का?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या.  आयुष्यात पहिल्यांदा या लोकांना लाज वाटलेली मी बघितली. मी पुढे आणखी चार वाक्यं ऐकवणार, एवढ्यात टॅक्सीचं दुसरं दार उघडलं आणि त्यातून आधी एक कुबडी आली, मग दुसरी, मग आई.

दाफिंकामावशींच्या हातात मयतासाठी करतात त्या उकडलेल्या गव्हाचा वाडगा होता, वर साखरेचा क्रूस काढलेला. तो फरशीवर पडला आणि त्याच्यामागोमाग मावशी बसल्या. कोणीतरी किंचाळलं. क्रुम, दीडशे किलो उचलणारा क्रुम, पांतेलेयकाकाच्या मागे जाऊन लपला.

"काय झालंय काय तुम्हाला?" म्हणत आई टकटक करत दारापाशी गेली. चष्मा लावला. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. लिफ्ट कुठंच नव्हती. सेवदाबाईंनी ती सगळी कापून टाकली होती. काळ्या चौकटीत फक्त आईचा चेहरा, मोठा करून, नव्या कोटाच्या कॉलरसकट. बाजूला फुकटातली फुलं.

त्या साठ लोकांमध्ये खालचा मजकूर वाचणारी आई पहिली. तिनं तो मोठ्यानं वाचला, सावकाश, शेवटपर्यंत.

"जन्म १९७९," ती म्हणाली. "वय तरी तीस वर्षांनी कमी केलंस, तेवढं बरं केलंस."

माझा तोल गेला. "अरे, पण वाचायचं की!" मी सगळ्यांवर ओरडलो. "खाली स्पष्ट लिहिलंय! लिफ्ट! एवढं मोठं! साठ माणसं, एकाला वाचता येत नाही?"

"गेलेल्या माणसाच्या फोटोखालचं कोण वाचतं रे?" दाफिंकामावशी खालूनच रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "सगळ्यांचं सारखंच असतं. आम्ही चेहरा बघितला, वेळ बघितली, गहू भिजत घातले!"

"ते राहू दे! आता जमलाच आहात तर करा हात वर! दुरुस्तीला मत द्या!"

"मत कशाला हवंय?" पांतेलेयकाका टाय सैल करत म्हणाला. "सहा आठवडे तू माझं डोकं खाल्लंस, म्हणून मी त्या ग्रोझ्दान मिस्त्रीच्या हातापाया पडून आणलं होतं त्याला. आज पाचला आला होता."

"आज? मला कोणी सांगितलं?"

"सोमवारपासून दारावर कागद होता!"

"कुठाय?"

त्यानं आईच्या गालावरून नख घालून कोपरा उचकटला. खाली त्याचं ते गिचमिड अक्षर होतं. 'गुरुवारी पाच वाजता लिफ्टची दुरुस्ती.' पांतेलेयकाकाचे कागद मी वाचत नाही. तत्त्व म्हणून वाचत नाही.

"वाचायचं की," तो म्हणाला.

"मग मिस्त्री कुठाय?" माझा आवाज एकदम बारीक झाला होता.

"मी परत पाठवला! घरात मयत आणि वर ठोकाठोकी? काही माणुसकी आहे की नाही? टोपी काढली बिचाऱ्यानं. दोन फुलं ठेवून गेला. ती बघ, पांढरी."

 क्रुमनं तळमजल्यावरून पांतेलेयकाकाची खुर्ची आणली, आईला तीत बसवलं आणि चौघांनी खांदा दिला. पुढे खुर्ची, मागे फुलं घेतलेले साठ लोक, सगळ्यात शेवटी दाफिंकामावशी हुंदके देत. कशाबद्दल ते त्यांनाही माहीत नव्हतं. आई वरून सूचना देत होती. "तिसऱ्यावर सांभाळून, तिथंच मी पडले होते. आणि ते लोणच्याचं पिंप कोणी जिन्यात ठेवलंय?"

सगळे गेल्यावर मी तिला खिडकीशी बसवलं. तिनं खाली बघितलं. बाक तिथून काडेपेटीएवढा दिसतो. तिच्या दोन मैत्रिणी तिथं बसून बिया सोलत होत्या, आणि अर्थातच तिच्याबद्दलच बोलत होत्या. ऐकू येत नव्हतं. आईनं खिडकी उघडून कान दिला, तरी नाही. ती माझ्यावर ओरडली असती तर चाललं असतं. मला इतकं वाईट आयुष्यात वाटलेलं नाही, आणि राग काढायला माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

मी ग्रोझ्दान मिस्त्रीला फोन लावला. "उद्या या! आमच्याकडे कोणीही मेलेलं नाही!"

"पहिल्या दिवशी असंच वाटतं," तो मायेनं म्हणाला. "माझे वडील गेले तेव्हा मीही असंच म्हणत होतो."

"अहो, आई इथं समोर बसलीय!"

"बसतात," तो म्हणाला. "चाळीस दिवस आत्मा घरातच असतो. म्हणून तर आमच्यात चाळीस दिवस शोकाच्या घरी हातोडा लावत नाहीत. आजोबांपासूनची रीत आहे. चाळीस दिवस होऊ दे, एकेचाळिसाव्या दिवशी मी हजर."

आईनं माझ्या हातातून फोन हिसकावला.

"ऐका हो मिस्त्री!" ती कडाडली. "मी रायना बोलतेय! फोटोतली! आठव्या मजल्यावर अडकून पडलेय, मला खाली यायचंय! ताबडतोब येता, की मीच येऊ तुमच्याकडे?"

 पलीकडून एक भांडं पडल्याचा आवाज, घाईघाईनं म्हटलेली अर्धी प्रार्थना, आणि फोन बंद.

अख्ख्या ल्युलिनमध्ये त्या जुन्या लिफ्टांचं काम येणारा तोच एक माणूस उरलाय, आणि आता ब विंगमधल्या कोणाचाही फोन तो उचलत नाही. पांतेलेयकाका स्वतः जाऊन आला, तर मिस्त्रीनं त्याला दारातच आईच्या नावाची मेणबत्ती देऊन परत पाठवलं. आज एकविसावा दिवस. चाळीस दिवस कधी पुरे होतायत याची आम्ही सगळेच वाट बघतोय, आणि सगळ्यात जास्त आई.