आनंदरावांच्या पापण्या

आनंदरावांना पाच मिनिटं एका जागी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. पंगतीत त्यांची मांडी हलायची, भजनात हातात टाळ नसला तर चुटक्या वाजायच्या, आणि पारावर गप्पा रंगल्या की मध्येच उठून ते दोन फेऱ्या मारून यायचे. कारण त्यांच्या चेहऱ्यावरच होतं. दोन्ही पापण्या जन्मापासून अर्ध्यावर उतरलेल्या. जरा स्थिर बसले, की लोकांना ते झोपलेत असंच वाटायचं.

'मी जागा हाओ' हे त्यांचं पालुपद. कोणी काही विचारायच्या आत सांगून मोकळे होत. बोलताना मान मागे टाकून बघायचे; त्यामुळे शिरपूरच्या बाजारात कोणी त्यांना गर्विष्ठ म्हणे, कोणी नशेबाज. बैलाचे दात बघायचे असले की अंगठ्याने एक पापणी वर धरायचे. एकदा गावच्या सभेसाठी त्यांनी पापण्या चक्क डिंकाने वर चिकटवल्या. सभा छान झाली, पण डोळे मिटेनात. दुसऱ्या दिवशीपर्यंत बायको तेल चोळत बसली होती.

या गृहस्थांनी पंचेचाळिशीत पापण्या कापून घ्यायचं ठरवलं. नागपुरात चेहऱ्याची कातडी कापून नीट करणारे डॉक्टर आलेत, असं अकोल्याच्या एका कापूसवाल्याने त्यांना सांगितलं होतं. पन्नास-पंचावन्न सालच्या त्या दिवसांत आमच्या गावाला हा प्रकार अगदीच नवा. गावाने यथेच्छ चेष्टा केली, मीही केली. या वयात कोणाला दाखवायचंय, असं मी विचारलं, तर ते उठून विहिरीपर्यंत जाऊन परत आले. मग रोज तीनदा माझ्या दारात. कापतात तर शिवतातही ना, टाका दिसतो का, बधिर करतात का. डॉक्टर मद्रासकडचे, त्यांना मराठी येत नव्हती. गावात इंग्रजी येणारा मी एकटा, आणि शाळेतला मास्तरही मी एकटाच. शेवटी वैतागून मी सोबत निघालो. वाटेत प्रत्येक थांब्यावर ते खाली उतरले, आणि प्रत्येक वेळी कंडक्टरने त्यांच्या नावाने बोटं मोडली.

डॉक्टरांनी पापण्या उचलून, मोजून पाहिल्या. होईल म्हणाले. मग विचारलं, दिसायला त्रास होतो का? आनंदराव नाही म्हणाले. मग हे चेहरा सुंदर दिसावा म्हणून का? डॉक्टरांचा हा प्रश्नही मी हसू दाबत मराठीत विचारला. आनंदराव टोपी हातात घेऊन फिरवत राहिले.

"माही पोरगी हाये, शांता. तिच्याबी पापन्या अशाच हायेत. पह्यले माह्या कापून पाहा. बिगडल्या तं माह्या बिगडू द्या. बऱ्या झाल्या तं मंग तिले आनतो."

मी ते सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तिला काय त्रास आहे, त्यांनी विचारलं.

"शाळेत झोपते म्हनून तिले भिंतीकडं तोंड करून उभं केलं. दोनदा. तवापासून शाळेत जात नाही."

शांता तिसरीत होती, खिडकीजवळ बसायची. उभं मीच केलं होतं. पोरी सोडतातच शाळा, असं म्हणून हजेरीतलं नावही मीच खोडलं. त्यानंतर तिच्या ओसरीवर बसून मी किती वेळा चहा प्यालो, आणि एकदाही तिची चौकशी केली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर चिडले. हा कसला मास्तर, त्यांनी विचारलं. तेही मला मराठीत करून सांगावं लागलं.

आनंदराव माझ्याकडे न बघता डॉक्टरांना म्हणाले, "मास्तर चांगला मानूस हाये, साहेब. त्याईले कोनी सांगतलंच नवतं."

डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते. एवढं साधं वाक्य, पण ते इंग्रजीत सांगायला मला फार वेळ लागला.