शिट्टीहास्य

“हसायला कुणी शिकवावं लागतं का? म्हणे हसलं की झोप येते! आली, तर अशी घोरेन, की भिंती हलतील!” असं सुनेला ठणकावून धनगौरीबेन सकाळी घराबाहेर पडल्या. पावसाळ्यात त्यांचे यजमान रसिकभाई गेले, तेव्हापासून झोप उडाली होती. चिडचिड तर इतकी, की दूधवाला पिशवी दारात टाकून पळायचा! शेवटी सुनेनं, बिजलनं, त्यांना तापीकाठच्या बागेतल्या हास्य क्लबात घातलं.

बागेत धुकं असं दाट, की स्वतःच्या चपला दिसेनात. गोल करून उभी असलेली माणसं म्हणजे नुसते पांढुरके आकार. क्लबचे प्रमुख नटुभाई कुठूनसे ओरडत होते.

“आता सिंहहास्य!” धुकं गुरगुरलं.

“छासहास्य! ताक घुसळल्यासारखं!” धुकं घुसळू लागलं. धनगौरीबेननी तोंड वेडंवाकडं करून पाहिलं. हसू काही येईना.

“आता शिट्टीहास्य!”

मग डावीकडून उचकी लागल्यासारखं ‘हिक्, हिक्, हिक्’ आलं, आणि शेवटी बारीक शिट्टी.

धनगौरीबेनच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे तर ह्यांचं हसणं!

मग ते उजवीकडून आलं. मग मागून, अगदी कानाशी!

“ओ बाप रे! आले! परत आले!” त्या किंचाळल्या.

“व्वा बेन! भूतहास्य!” नटुभाई खूश. “चला, सगळ्यांनी!”

“आले! परत आले!” अख्खा गोल किंचाळला. फिरायला आलेले लोक फाटकाकडे पळाले, त्यांच्या पुढे वॉचमन! धनगौरीबेनही पळाल्या आणि धाडकन एका तपकिरी माकडटोपीवर आदळल्या. रसिकभाईंची होती, अगदी तसलीच टोपी!

“हात लावू नका! तेरावं नीट केलंय मी! लाडू साजूक तुपातले होते!”

“बेन, मी नटुभाई!”

नटुभाईंनी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. रसिकभाईंचं नाव ऐकताच त्यांनी टोपी काढली.

“आमचे रसिकभाई? रोज यायचे हो! म्हणायचे, घरी हसलं की बायको म्हणते, शेजारी ऐकतील. हे हास्य आम्ही त्यांच्याकडूनच उचललं.”

“मला सांगायचे, चालायला जातो,” धनगौरीबेन पुटपुटल्या. बराच वेळ त्या पदराचं टोक पिळत राहिल्या. मग एकदम उठल्या. “चुकीचं उचललंत! शिट्टी बाहेर सोडायची नाही, आत ओढायची. अशी!”

आणि धुक्यात रसिकभाई हसले. हुबेहूब. थांबेचनात! धनगौरीबेन डोळे पुसत होत्या, हसत होत्या, पुन्हा पुसत होत्या. गोल मात्र गुपचूप एकेक पाऊल मागे सरकत होता.

त्या दुपारी त्या अशा झोपल्या, की बिजलनं दोनदा नाकाखाली बोट धरून पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला.

“बिजलबेन, नटुभाई बोलतोय. धनगौरीबांना झोप लागली?”

“लागली ना! तुमचे फार उपकार!”

“छान, छान! फक्त उद्यापासून त्यांना प्राणायामाला पाठवा. इकडे आमच्यापैकी कुणाचा डोळा लागेल असं वाटत नाही.”